कवटीशिवायचं व्याख्यान

गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे अर्धवट ओढलेल्या विड्या सापडल्या आणि इमारतीत एकच हलकल्लोळ उडाला. सापडल्या टाकी धुणाऱ्या माणसाला, पण त्या हुंगून "गांजा!" असं जाहीर करायचा मान जेलरसाहेबांनी दुसऱ्या कुणाला घेऊ दिला नाही. त्यांची सगळी नोकरी तुरुंगात गेलेली, अर्थात गजांच्या बाहेरच्या बाजूने. निवृत्त झाल्यावर रहिवासी संघाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आपोआप चालत आलं होतं. त्यांच्यासमोर दुसरं कुणी उभं राहायला धजावलंच नाही, असंही म्हणता येईल.

त्याच संध्याकाळी त्यांनी बैठक बोलावली आणि ठरवूनही टाकलं. रविवारी सकाळी तळमजल्याच्या सभागृहात व्याख्यान. विषय, गांजाचे दुष्परिणाम. वक्ता शोधायला बाहेर जायची गरज नाही, आमची सूनबाई बोलेल.

सूनबाई त्या वेळी इस्पितळाच्या औषधखिडकीत उभी राहून एका आजोबांना उपाशीपोटी म्हणजे नेमकं काय ते समजावत होती. घरी येताना लिफ्टमध्ये शेजारीणबाई म्हणाल्या, "रविवारी तुमचं भाषण ना? मी पुढची खुर्ची धरणार बाई." तेव्हा कुठे तिला आपल्या व्याख्यानाची बातमी लागली.

घरात ती थोरली सून, धाकट्या दिराची वहिनी, आणि दिराचं ऐकून ऐकून आता सगळ्या इमारतीचीच वहिनी. नवरा जहाजावर इंजिनियर. घरात वाद पेटला की तो हमखास भर समुद्रात असायचा. ही नोकरी त्याने मुद्दामच धरली असावी, असा तिला लग्नापासून संशय होता.

दार उघडलं तर दिवाणखान्यात रंगाचा वास. जेलरसाहेब जमिनीवर वर्तमानपत्र पसरून, जुन्या कपाटाच्या फळीवर भलीमोठी कवटी रंगवत बसले होते. कवटीच्या दातांत विडी, विडीतून धूर, आणि खाली लाल अक्षरांत 'एक झुरका, कायमचं वेड!'

"कशी झालीय?" त्यांनी ब्रश हवेत धरून विचारलं.

सासूबाई स्वयंपाकघरातून डोकावल्या. "हुबेहूब तुमच्या थोरल्या साडूंसारखी."

"बाबा," वहिनी पर्स खाली ठेवत म्हणाली, "हे खरं नाहीये."

"कवटी?"

"वाक्य. एका झुरक्यात कुणी कायमचं वेडं होत नाही. म्हणजे होत असेल एखाद्याचं काहीतरी, पण बहुतेकांचं होत नाही."

जेलरसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत असे लोक. भिंतीशी बोलणारे. तू कोठडीच्या बाहेर एक रात्र काढ, मग सांग मला."

"तुम्ही तुरुंगात आलेलेच पाहिलेत, बाबा. जे ओढून घरी जाऊन झोपले ते तुमच्याकडे आलेच नाहीत."

"खरं-खोटं तू मागाहून बघ," ते म्हणाले, "आधी भीती बसायला हवी. भीती बसली की माणूस सरळ चालतो." आणि त्यांनी कवटीच्या डोळ्यांत काळा रंग भरायला घेतला.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू जेवणं उरकल्यावर भांडी पुसायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात आली. धाकटा दीर एरवी भांड्यांकडे फिरकत नसे. तो एका स्टुडिओत ध्वनिमुद्रण करायचा. दिवसभर कानांवर हेडफोन, त्यामुळे घरात बोलतानासुद्धा आवाज एक पट्टी वर. तो अधूनमधून ओढतो हे वहिनीला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे त्यालाही. पण ताटाभोवती माशी फिरावी तसा तो विषय दोघांत फिरायचा, बसायचा मात्र नाही.

"वहिनी, गच्चीवरचं माझं नाही हं," त्याने आधीच सांगून टाकलं. "पण तू बाबांच्या सुरात सूर मिळवू नकोस. वनस्पती आहे ती. निसर्गाने दिलेली."

"कण्हेरही निसर्गानेच दिलीय, भाऊजी. टाकू दोन पानं चहात?"

"अगं पण औषध आहे ते! मी वाचलंय. कॅन्सर बरा होतो, मधुमेह जातो, झोप लागते, केस—"

"केस राहू द्या." वहिनीने त्याच्या हातातलं ताट काढून घेतलं, कारण तो तेच ताट केव्हाचा पुसत होता. "काही ठिकाणी औषध आहे, खरंय. कॅन्सरच्या औषधांनी होणाऱ्या उलट्या थांबवायला देतात. लहान मुलांच्या काही दुर्मीळ फेफऱ्यांवर देतात. पण कॅन्सर बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही. तेही मी सांगणार आणि हेही."

"माझे सगळे मित्र ओढतात. एकालाही काही झालेलं नाही."

"आणि ज्याला झालं, तो येतो का हल्ली तुमच्याकडे?"

दिराने फडकं खांद्यावर टाकलं. त्यांच्या कंपूत एक कीबोर्डवाला होता. गुणी पोरगा, या घरीही जेवून गेलेला. वर्षभरापूर्वी त्याला वाटायला लागलं की त्याच्या मनातलं स्टुडिओतल्या स्पीकरवर ऐकू येतंय. तो रोज ओढायचा, सकाळ-संध्याकाळ, आणि तेही हल्ली मिळतं तसलं जालीम. मग त्याच्या आईने त्याला गावी नेलं.

"त्याचं डोकं आधीपासूनच नाजूक होतं," दीर हळू म्हणाला. आज पहिल्यांदाच त्याचा आवाज एक पट्टी खाली होता.

"असेलही. घरात कुणाला तसा आजार असला तर धोका वाढतो. पण आपलं डोकं नाजूक आहे की दणकट हे सगळ्यांना आधी कुठे कळतं? मला एवढंच सांगायचंय, भाऊजी. तुमच्या कंपूत बहुतेकांना काही झालं नाही हे खरं. आणि त्याला झालं हेही खरं."

झोपायला जाताना तिला वाटलं, दोघांनाही नाराज करण्याची ही चांगली सुरुवात झाली.

तिचा हट्ट मात्र उगाच नव्हता. मागे एकदा इस्पितळात एका मुलीला तिच्या मैत्रिणी घेऊन आल्या होत्या. छाती धडधडतेय, मी मरतेय म्हणून ती ओरडत होती. काय खाल्लं विचारलं तर सगळ्या म्हणाल्या, काही नाही. डॉक्टरांनी हृदय तपासलं, रक्त तपासलं. औषध द्यायला वहिनी आत गेली तेव्हा तिनेही विचारून पाहिलं, पण मुली एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या. शेवटी एकीने रडत रडत सांगितलं, गांजा घातलेलं चॉकलेट होतं. एक तुकडा खाल्ला, काही झालं नाही म्हणून आणखी दोन खाल्ले. ओढलेलं लगेच चढतं, खाल्लेलं चढायला तास दोन तास घेतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना फक्त कवटी दाखवली होती. कवटीला घाबरून त्या गप्प बसल्या आणि मुलीचे हाल लांबले. संध्याकाळपर्यंत ती बरी होऊन घरी गेली, पण वहिनीच्या मनातून ते गेलं नाही.

रविवारी सभागृह फुलून गेलं होतं. पुढे म्हातारी मंडळी, मधे आया आणि बाप, आणि सगळ्यात मागे, भिंतीला टेकून, इमारतीतली तरुण मुलं. ती कवटी बघून हसायला आली होती हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. जेलरसाहेबांनी फळी व्यासपीठावर मधोमध उभी केली होती. वहिनीने माईक हातात घेतला, फळीकडे पाहिलं आणि ती शांतपणे उलटी करून भिंतीला लावली.

सभागृहात कुजबुज झाली. पहिल्या रांगेत जेलरसाहेबांचा चेहरा फळीवरच्या अक्षरांइतका लाल झाला.

"चित्र छान आहे," वहिनी म्हणाली, "पण त्याच्याकडे बघत बसलात तर मी काय सांगते ते ऐकणार नाही. आधी एक सांगून टाकते. गांजा ओढून पाहिलेल्या बहुतेक माणसांचं काही मोठं वाटोळं होत नाही. नुसत्या गांजाने कुणी दारूसारखं विष चढून मेलंय, असं फारसं आढळत नाही."

मागच्या भिंतीवरून शिट्टी आली. दीर टाळ्या वाजवायच्या बेतात होता.

"थांबा, भाऊजी. अजून वाक्य संपलेलं नाही." सभागृह हसलं. "बहुतेकांचं होत नाही, पण काहींचं होतं. आणि ते 'काही' कोण, त्याचा थोडाफार अंदाज आपल्याला बांधता येतो. तेवढ्यासाठीच मी आज इथे उभी आहे."

मग ती बोलत गेली. हातात कागद नव्हता. औषधखिडकीत बोलते तसंच, समोरचा माणूस घरी जाऊन विसरणार आहे हे गृहीत धरून, सावकाश. मेंदूची घडण विशी ओलांडल्यावरही चालू असते, म्हणून सोळाव्या वर्षी सुरू करणं आणि तिशीत एखादेवेळी ओढणं यात फार फरक आहे. रोज ओढणाऱ्याला सवय जडते. गांजाची सवय लागतच नाही ही थाप. वापरणाऱ्यांतल्या दहातल्या एकाला लागते असं बरेच अभ्यास सांगतात, काही त्याहून जास्त सांगतात. आकडे सगळीकडे सारखे नाहीत आणि ते सारखे आहेत असं मी भासवणार नाही. धुराने खोकला आणि कफ होतो. फुप्फुसाच्या कॅन्सरबद्दल तंबाखूइतका ठाम पुरावा नाही, पण बहुतेक जण तंबाखू मिसळूनच ओढतात, म्हणजे तो हिशेब तंबाखूच्या खात्यावर चालूच राहतो. पोटात बाळ असताना नको. हृदयाचा त्रास असेल तर नको. आणि ओढून गाडीला हात लावायचा नाही. आपण झकास चालवतोय असं वाटतं, पण पाय ब्रेकवर उशिरा जातो.

मागून एक दाढीवाला मुलगा उभा राहिला. "माझे मामा जन्मभर ओढतायत. ठणठणीत आहेत."

"मामांना माझा नमस्कार सांग," वहिनी म्हणाली. "खरंच असतील ठणठणीत. आपल्या इमारतीत जिना उतरताना कठडा न धरणारे किती आहेत? बहुतेक कुणीच पडत नाही. म्हणून मी तुझ्या आजीला कठडा सोड म्हणू का?"

त्याची आजी पुढेच बसली होती. ती मागे वळून म्हणाली, "खाली बस रे आता."

जेलरसाहेबांना राहवेना. ते उठले. "पण सूनबाई, वेड लागतं की नाही, एवढं सरळ सांग ना!"

"सरळच सांगते, बाबा. जालीम माल रोज ओढणाऱ्यांत, लहानपणी सुरू करणाऱ्यांत, आणि घरात तसा आजार असलेल्यांत, भास होण्याचा, संशय घेण्याचा आजार जास्त दिसतो. दिसतो म्हणजे प्रत्येकाला होतो असं नाही. पण असं काही वाटायला लागलं, कुणी आपल्यावर पाळत ठेवतंय, कानात कुणी बोलतंय, तर ओढणं थांबवून लगेच डॉक्टरकडे जायचं. लवकर गेलं की फरक पडतो. आणि तिथे खरं सांगायचं. डॉक्टर काही पोलीस नाहीत."

"मीही नव्हतो पोलीस," जेलरसाहेब पुटपुटले, "मी तुरुंगात होतो." हसण्याची नुसती लाट उठली.

शेवटी औषधांचा विषय निघाला. एका बाईंनी विचारलं, हल्ली बाटलीतून तेल मिळतं, दुखण्यावर थेंब घेतात, त्याने तर नशाही येत नाही म्हणे, मग ते चालेल ना?

"काही तेलांनी नशा येत नाही, बरोबर. पण नशा येत नाही म्हणजे शरीरात काहीच होत नाही असं नाही. बाटलीत नेमकं किती काय आहे याचा भरवसा नसतो. आणि दुसऱ्या औषधांशी त्याचं जमतंच असं नाही. रक्त पातळ ठेवायची गोळी ज्यांना चालू आहे, त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक थेंबसुद्धा घेऊ नये. गोळीचा परिणाम वाढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो."

पहिल्या रांगेत जेलरसाहेब एकदम ताठ झाले. मग त्यांनी जिभेने हिरड्या चाचपल्या. मग स्वतःच्या हातावरचा एक मोठा निळा डाग शर्टाच्या बाहीत लपवला. वहिनीच्या नजरेतून यातलं काहीच सुटलं नाही.

व्याख्यान संपलं, टाळ्या झाल्या, चहाही झाला. घरी आल्या आल्या जेलरसाहेब खोलीत गेले आणि मुठीत काहीतरी धरून बाहेर आले. ते लहानशी तपकिरी बाटली टेबलावर ठेवून अपराध्यासारखे उभे राहिले. असे उभे राहणारे त्यांनी जन्मभर समोरून पाहिले होते.

"सकाळी माझ्याबरोबर फिरायला येतो ना तो शिंपी," ते म्हणाले, "त्याने दिलं. गुडघ्यांसाठी. वनौषधी म्हणाला. जिभेखाली थेंब."

वहिनीने बाटली उजेडात धरली. अक्षरं मुंगीएवढी. तिने मोबाईलने फोटो काढला, मोठा केला आणि वाचून दाखवला. "भांगेच्या झाडाचा अर्क."

मग दीर सोफ्यावर आडवा होऊन असा हसायला लागला की शेजारणीने भिंतीवर टकटक केली.

"म्हणजे," तो डोळे पुसत म्हणाला, "घरात रोज घेणारे बाबा!"

"गप रे!" जेलरसाहेब गरजले, पण आवाजात दम नव्हता.

सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले. "अहो, दात घासताना रक्त येतंय म्हणून नवा ब्रश आणायला लावलात ना मला? मऊ केसांचा? आणि ही बाटली मोज्यांच्या खणात?"

"गुडघे मात्र थोडे बरे होते," ते केविलवाणे म्हणाले.

वहिनी हसली नाही. जेलरसाहेबांच्या हृदयाची झडप बदलल्यापासून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज चालू होती. हा खेळ नव्हता. तिने त्यांना खुर्चीत बसवलं, डोकं दुखतंय का, लघवीतून रक्त जातंय का, कुठे पडलात का, सगळं विचारलं, आणि बाटलीसकट सरळ इस्पितळात घेऊन गेली. गाडी दिराने चालवली. निघताना त्याने वहिनीकडे पाहून स्वतःहून सांगितलं, "परवापासून काही ओढलेलं नाही. शपथ."

रक्त हवं त्याच्या कितीतरी जास्त पातळ झालेलं निघालं. डॉक्टरांनी बाटलीवरचं नाव वाचलं, भुवया उंचावल्या आणि एवढंच म्हटलं, "सांगितलंत हे फार बरं केलंत. नाहीतर आम्ही गोळीलाच दोष देत बसलो असतो." गोळी थोडी थांबवून, तेल कायमचं बंद करून, पुन्हा पुन्हा तपासून, आठवड्याभरात सगळं ताळ्यावर आलं. गुडघ्यांसाठी त्यांनी व्यायाम दिले. ते जेलरसाहेब कवायतीच्या आरोळ्या देत करायचे, आणि खालच्या मजल्यावरच्यांना वाटायचं वर पुन्हा तुरुंग सुरू झाला.

शिंप्यालाही त्यांनी फिरताना गाठून खडसावलं. तो बिचारा म्हणाला, मला तर काही झालं नाही. त्यावर जेलरसाहेब म्हणे ताडकन म्हणाले, "तुला रक्त पातळ करायची गोळी नाही, गाढवा! सगळ्यांना सारखं लागत नाही!" ही हकिकत ऐकून वहिनी स्वयंपाकघरात एकटीच हसत राहिली.

दिराचं म्हणाल तर तो काही रातोरात सज्जन झाला नाही. पण त्याने महिनाभर बंद ठेवून बघायचं ठरवलं. सवय नाहीये हे वहिनीला दाखवून द्यायला, असं त्याचं म्हणणं. पहिल्या आठवड्यात तो भाजीच्या मिठावरून आईशी भांडला, मांजरावर ओरडला आणि रात्रभर कूस बदलत राहिला. नवव्या की दहाव्या दिवशी भांडी पुसायला आला.

"वहिनी, थोडी होती बहुतेक."

"काय?"

"सवय."

"आता?"

"झोप लागायला लागलीय. आणि काल एका गाण्याचं मिक्सिंग वेळेत संपलं. मला वाटायचं ओढल्यावर कान तीक्ष्ण होतात. ओढून केलेलं जुनं काम ऐकलं. सगळीकडे बास, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, जास्त झालाय." तो थोडा थांबला. "कीबोर्डवाल्याला फोन केला मी. औषधं घेतोय. बराय. पुढच्या महिन्यात येतो म्हणाला."

वहिनीने त्याच्या हातात आणखी एक ताट दिलं. "आला की जेवायलाच बोलवा."

औषधखिडकीवरही फरक पडला. इमारतीतली मुलं औषध घ्यायच्या बहाण्याने यायची आणि काउंटरवर वाकून हळूच काहीतरी विचारायची. एक मुलगी, व्याख्यानाला मागच्या भिंतीला टेकून हसणाऱ्यांतली, आपल्या भावाला घेऊन आली. शेजारचे आपल्याबद्दल भिंतीपलीकडून बोलतात असं त्याला वाटत होतं. "तुम्ही लवकर या म्हणाला होतात," ती म्हणाली. वहिनीने खिडकी सहकाऱ्यावर सोपवली आणि दोघांना मनोविकार विभागापर्यंत स्वतः सोडून आली. पोरगा वेळेत आला, असं नंतर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आता तो पुन्हा वर्गात बसायला लागलाय आणि परीक्षेच्या नावाने बोटं मोडतोय, म्हणजे बराच सुधारला म्हणायचं.

हा बोभाटा होत होत वहिनीला मोटार शिकवणाऱ्या एका संस्थेतून बोलावणं आलं. नव्या चालकांपुढे बोला म्हणून. जेलरसाहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मीही येणार म्हणून गाडीत जाऊन बसले. वहिनीने प्रास्ताविकाची पाच मिनिटं त्यांना दिली. त्यांनी त्यात स्वतःच्या बाटलीची कथा सुरू केली, आणि पोरं ऐकतायत हे पाहून ती रंगवत नेली. शिंपी आता तस्कर झाला होता. थेंबांचे चमचे झाले होते.

"आणि मग, मित्रहो," ते हात पसरून म्हणाले, "मला असं वाटायला लागलं की मी हवेत तरंगतोय, भिंती हलतायत—"

वहिनीने माईक हळूच आपल्याकडे वळवला.

"बाबा, तुम्ही तरंगत नव्हतात. तुमच्या हिरड्यांतून रक्त येत होतं."

"तेच ते," जेलरसाहेब म्हणाले, आणि पोरांकडे वळून ऐटीत जोडलं, "पण खूप येत होतं हं. हे मात्र रिपोर्टात आहे."